बसची वाट बघू नका, वेळ गाठा: मध्यम शहरात नव्याने राहायला आलेल्यांसाठी

महानगरात लोक बसची वाट बघतात. मध्यम शहरात बसची वेळ गाठावी लागते. नव्या माणसाला पहिले दोन महिने जो त्रास होतो, त्यातला बराचसा एवढा एक फरक लक्षात न आल्यामुळे होतो. मोठ्या शहरातून आलेला माणूस सवयीने घराबाहेर पडतो, थांब्यावर जाऊन उभा राहतो, कारण तिकडे पाच-सात मिनिटांत काहीतरी यायचंच. इथे तसं उभं राहिलं की पाऊण तास जातो. मग वैतागून टॅक्सी केली जाते आणि ‘इथल्या बसचं काही खरं नाही’ असा निकाल लागतो. पुष्कळदा बस तिच्या वेळेवरच धावत असते, फक्त ती वेळ आपल्याला ठाऊक नसते.

अशा तीन शहरांत मी स्वतःच्या गाडीशिवाय राहिलो आहे आणि तिन्ही ठिकाणी सुरुवातीला त्याच चुका केल्या आहेत. खालचा क्रम त्यातून आलेला आहे. शक्यतो याच क्रमाने जा, कारण पहिलं काम झालं नाही तर पुढची अर्धी कामं आंधळेपणाने होतात.

पहिलं काम: नकाशावर फेऱ्या लिहा

बससेवेचा नकाशा दिसायला छान असतो, पण तो एक मोठी गोष्ट लपवतो. त्यावर सगळ्या रेघा सारख्याच जाडीच्या असतात. दर दहा मिनिटांनी धावणारा मार्गही तसाच आणि दिवसातून तीन फेऱ्या करणारा मार्गही तसाच. नवा माणूस नकाशा उघडतो, ‘वा, माझ्या घरासमोरून तर सहा नंबर जातात’ म्हणून खूश होतो. त्यातले चार सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा जात असतात.

म्हणून नकाशाची एक प्रत कागदावर काढा आणि वेळापत्रक शेजारी ठेवून प्रत्येक मार्ग स्वतः पुन्हा गिरवा. १५ मिनिटांनी किंवा त्याहून लवकर गाडी असेल तर जाड रेघ. अर्ध्या तासाने असेल तर साधी. तासाने किंवा त्याहून उशिरा असेल तर ठिपके. तासाभराचं काम आहे, आणि ते संपल्यावर कागदावर बहुधा चार-पाचच जाड रेघा उरतात. तुमच्या रोजच्या उपयोगाचं शहर त्या चार-पाच रेघांच्या आजूबाजूला आहे. बाकीचं सगळं वेळ बघून वापरायचं.

१५ मिनिटंच का? गाड्यांमधलं अंतर साधारण १०-१५ मिनिटांच्या आत असलं की लोक वेळापत्रक बघायचं सोडून देतात आणि मनाला येईल तेव्हा निघतात, असा वाहतुकीचं नियोजन करणाऱ्यांचा सगळीकडचा अनुभव आहे. त्याच्या पलीकडे गेलं की घड्याळ बघूनच निघावं लागतं.

इथेच एक हिशेब समजून घ्या, पुढे फार उपयोगी पडतो. एखाद्या मार्गावर गाडीला जाऊन-येऊन, टोकाची विश्रांती धरून, दीड तास लागतो आणि त्या मार्गावर तीन गाड्या आहेत. म्हणजे दर ३० मिनिटांनी एक फेरी. आता त्यातली एक गाडी रस्त्यात बंद पडली. थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला तासाभराची पोकळी मिळते. त्याच लांबीच्या मार्गावर महानगरात १८ गाड्या असतील, तर दर पाच मिनिटांनी फेरी होते. तिथे एक गाडी बंद पडली तरी कुठेतरी दहा मिनिटांचं अंतर पडतं, बस्स. बिघाड दोन्हीकडे सारखाच, पण एकीकडे कुणाच्या लक्षातही येत नाही आणि दुसरीकडे नोकरीवर लेटमार्क लागतो. म्हणून साध्या आणि ठिपक्यांच्या मार्गांवर अवलंबून असाल तर दुसरा रस्ता कायम डोक्यात तयार ठेवा.

एकाच रस्त्यावरून दोन-तीन मार्ग जात असतील तर त्यांच्या फेऱ्यांची बेरीज करायचा मोह होतो. ‘दोन्ही नंबर अर्ध्या तासाने, म्हणजे मला १५ मिनिटांनी गाडी.’ असं गृहीत धरू नका. दोन्हींची वेळ त्या थांब्यावर किती वाजता आहे ते पाहा. पुष्कळ ठिकाणी दोन्ही गाड्या मध्यवर्ती स्थानकातून एकाच वेळी सुटतात, एकीमागे एक येतात आणि पुढचा अर्धा तास रस्ता मोकळा.

घर ठरवण्याआधी थांब्यावर जाऊन उभे राहा

घर अजून ठरलं नसेल तर नशीबवान आहात. जाड रेघेपासून ४०० मीटरच्या आत, म्हणजे पाच मिनिटं चालण्याच्या अंतरात घर मिळालं तर पुढचं सगळं सोपं जातं. घर दाखवणारा ‘बसथांबा अगदी जवळ’ म्हणेल. थांबा जवळ असतोही. तिथे बस थांबते का, किती वेळा, आणि रात्री आठनंतर थांबते का, हे त्याला विचारून उपयोग नाही. स्वतः जा. एखाद्या कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेआठला त्या थांब्यावर अर्धा तास उभे राहा आणि किती गाड्या गेल्या ते मोजा. रविवारी सकाळी पुन्हा एकदा. एवढ्या दोन चकरांत जे कळतं ते कुठलंही ॲप सांगत नाही: थांब्यावर दिवा आहे का, बसायला जागा आहे का, पावसात उभं राहता येईल का, आणि रस्ता ओलांडायला सोय आहे की जीव मुठीत धरून पळावं लागतं.

मार्गाच्या अगदी टोकाचं घर लोक टाळतात. मला ते आवडतं. प्रवास लांबतो हे खरं, पण गाडी रिकामी मिळते, बसायला मिळतं, आणि गाडी टोकावरूनच सुटत असल्यामुळे तिथली वेळ सगळ्यात भरवशाची असते. मधल्या थांब्यावर हे सुख नाही.

वेळापत्रक वाचायची रीत

ठरलेला मार्ग, ठरलेलं भाडं, आणि प्रवासी असोत-नसोत ठरल्या वेळेला सुटणारी गाडी, ही कल्पना पहिल्यांदा १६६२ साली पॅरिसमध्ये घोडागाड्यांच्या रूपात उतरली. तिच्यामागे ब्लेझ पास्कल हा गणिती होता. काही वर्षांत ती सेवा बंद पडली, पण तिच्यातलं ‘प्रवासी असोत-नसोत’ हे कलम अजून चालू आहे आणि तुमचा सगळा दिवस त्याच कलमावर बेतायचा आहे. भाड्याची जीप भरल्याशिवाय हलत नाही. बसने रिकामंच का होईना, वेळेला सुटायचं असतं. मात्र हे वचन प्रत्येक थांब्याला लागू नसतं, आणि वेळापत्रक वाचताना पहिली फसगत होते ती इथेच.

मार्गावर तीस-चाळीस थांबे असतात आणि वेळापत्रकात बहुधा सहा-सात थांब्यांच्याच वेळा छापलेल्या असतात. हे ‘वेळेचे थांबे’. गाडी लवकर पोचली तर तिने इथे थांबून वेळ पाळायची असते. मधल्या थांब्यांवर असं बंधन नसतं. तुमचा थांबा दोन वेळेच्या थांब्यांच्या मध्ये असेल, आधीच्याची वेळ ८:१० आणि पुढच्याची ८:२२, तर अंदाज काढत बसू नका, ८:१० ला तुमच्या थांब्यावर हजर राहा. सकाळी रस्ते मोकळे असताना गाडी मधलं अंतर भर्रकन कापते. उशिरा आलेल्या गाडीबद्दल सगळे बोलतात, पण अर्ध्या तासाच्या मार्गावर दोन मिनिटं आधी निघून गेलेली गाडी जास्त नुकसान करते.

दुसरी फसगत दिवसाची. कामाचे दिवस, शनिवार, रविवार आणि सुट्ट्या यांची वेळापत्रकं वेगळी असतात. काही फेऱ्या फक्त शाळा चालू असतानाच धावतात. ही सूचना एखाद्या बारीक चिन्हाने किंवा अक्षराने दिलेली असते आणि त्याचा अर्थ पानाच्या तळाशी असतो. तळ वाचल्याशिवाय वर बघू नका, इतकी साधी शिस्त ठेवली तरी पुरे.

तिसरी नंबराच्या शेपटीची. १२ आणि १२-ए हे बहुतेक वाट एकत्र जातात आणि शेवटी फुटतात, किंवा एक अर्ध्यातूनच मागे फिरतो. गाडी येताना दिसली की नंबराबरोबर पाटीवरचं गावही वाचा. नंबर बरोबर आणि दिशा उलटी, हा प्रकार तर प्रत्येक नव्या माणसाच्या वाट्याला एकदा येतोच. वर्तुळ मार्ग असेल तर अजून जपून. तिथे दोन्ही गाड्या ‘तिकडेच’ जातात, पण एक दहा मिनिटांत आणि दुसरी पन्नास मिनिटांत.

रात्रीच्या वेळा बघताना कधी २५:१० असला आकडा दिसला तर छपाईची चूक समजू नका. बसचा दिवस मध्यरात्री संपत नाही, शेवटची गाडी आगारात शिरेपर्यंत तो चालू असतो. म्हणून शुक्रवारच्या वेळापत्रकातली २५:१० ची गाडी ही प्रत्यक्षात शनिवारी पहाटे एक वाजून दहा मिनिटांची. ही पद्धत जीटीएफएस नावाच्या मांडणीत, म्हणजे वेळापत्रकं संगणकाला कळतील अशी लिहायच्या साच्यात, वापरतात. २००५ च्या सुमारास अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराच्या वाहतूक संस्थेची माहिती गुगलच्या नकाशात आणताना ही मांडणी सुरू झाली आणि आज जगभरातल्या वाहतूक ॲपना माहिती पुरवली जाते ती बरीचशी त्याच साच्यात.

ॲपवरून आठवलं. ॲप दोन प्रकारच्या वेळा दाखवतं आणि दिसायला त्या जवळजवळ सारख्याच असतात. एक, कागदावरची वेळ. दुसरी, गाडीत बसवलेल्या जीपीएसवरून काढलेली खरी वेळ. दुसरीला सहसा वेगळा रंग किंवा लहरींसारखं छोटं चिन्ह असतं. ते चिन्ह नसेल तर ‘३ मिनिटांत येत आहे’ याचा अर्थ इतकाच की कागदाप्रमाणे ती तीन मिनिटांत यायला हवी. आकडा तीनवरून दोन, दोनवरून एक होतो, मग गाडी यादीतून गायब होते आणि रस्त्यावर काहीच आलेलं नसतं. मी अशा न आलेल्या गाडीच्या मागे दहा मिनिटं चडफडलो आहे. त्यानंतर आधी चिन्ह बघायची सवय लागली.

पहिली फेरी बिनकामाची करा

पहिल्याच दिवशी मुलाखतीला किंवा कामावर रुजू व्हायला नव्या मार्गाने जाऊ नका. त्याआधी एखादी मोकळी दुपार काढा, आपल्या मुख्य मार्गाच्या एका टोकाला बसा आणि दुसऱ्या टोकापर्यंत जा. कुठेही उतरायचं नाही. खिडकीशी बसून थांब्यांची नावं आणि त्यांच्या आधीच्या खुणा टिपून ठेवा: पाण्याची टाकी, उड्डाणपूल, पेट्रोल पंप. आपल्या थांब्याच्या आधीचा थांबा कोणता, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण घंटा तिथून सुटल्यावर वाजवायची असते. घरी आल्यावर लक्षात येईल की जो रस्ता नकाशावर सरळ दिसत होता तिथे गाडी एका वसाहतीत शिरून वळसा घालून बाहेर येते आणि आठ मिनिटं तिथेच जातात. थांबे धरून शहरातल्या बसचा सरासरी वेग ताशी १५ ते २० किलोमीटरच असतो. अंतर बघून वेळ ठरवलीत तर चुकाल.

थांब्यावर

रस्त्याच्या कोणत्या बाजूला उभं राहायचं हे पहिल्यांदा. एकेरी रस्त्यांच्या भागात जाण्याचा आणि येण्याचा थांबा वेगवेगळ्या गल्ल्यांत असतो, नाव मात्र एकच. संध्याकाळी परतायचं कुठून, हे सकाळी उतरल्या उतरल्या बघून ठेवा.

गाडी येताना दिसली की हात दाखवा. थांब्यावर उभे आहात म्हणजे गाडी थांबेलच असं नाही. त्या थांब्यावरून चार मार्ग जात असतील तर तुम्ही कोणाची वाट बघताय हे चालकाला कसं कळणार? अंधारात मोबाइलचा उजेड आपल्याच अंगावर पाडून उभे राहा. चालकाच्या डोळ्यांवर नको.

बराच वेळ गाडी नाही आणि मग एकदम दोन आल्या, असं झालं की लोक चालकांना नावं ठेवतात. ‘मुद्दाम गप्पा मारत येतात.’ हे बिचाऱ्यांवर अन्याय करणारं आहे. पुढची गाडी जरा उशिरा झाली की थांब्यांवर तोवर जास्त माणसं जमतात. ती चढायला वेळ लागतो, गाडी आणखी मागे पडते. तिच्या मागच्या गाडीला माणसंच कमी मिळतात, ती भराभर येते आणि शेवटी पहिलीला गाठते. एकदा सुरू झालं की हे आपोआप वाढत जातं. न्यूवेल आणि पॉट्स या दोघा संशोधकांनी १९६४ साली हे गणिताने दाखवून दिलं आहे. तुमच्यासाठी यात दोन गोष्टी. एक, अशी जोडी आली तर दुसरीत चढा. पहिली खचाखच भरलेली असते, दुसरी मोकळी, आणि दोघी जवळपास एकदमच पोचतात. घाईत पहिलीच्या पायरीवर लोंबकळण्यात काही अर्थ नाही.

दुसरी गोष्ट, सरासरीवर विश्वास ठेवू नका. तासाला तीन गाड्या समान अंतराने आल्या तर मनाला येईल तेव्हा थांब्यावर गेलेल्याला सरासरी दहा मिनिटं थांबावं लागतं. त्याच तीन गाड्या ५, २० आणि ३५ मिनिटांच्या अंतराने आल्या तर सरासरी पावणेचौदा मिनिटं होते, कारण माणूस लांबच्या अंतरात सापडण्याची शक्यता जास्त. संस्था म्हणते तासाला तीन गाड्या, आणि ते खोटं नसतं. तुम्ही म्हणता इतका वेळ लागतोच कसा, तेही खोटं नसतं.

बदलायची गाडी

मध्यम शहरांचे मार्ग बहुतेक चाकाच्या आऱ्यांसारखे असतात, सगळे मध्यवर्ती स्थानकातून निघून बाहेर जाणारे. शेजारच्या आऱ्यावर जायचं असलं तरी आधी मध्यात जा, मग पुन्हा बाहेर या. नकाशावर दोन किलोमीटर दिसणाऱ्या ठिकाणी बसने जायला पाऊण तास लागतो तो यामुळे. अशा वेळी दोन आऱ्यांमधलं अंतर चालून जाणं बरेचदा सगळ्यात जलद पडतं. ॲप हे सुचवेलच असं नाही, कारण त्यात चालण्याची कमाल मर्यादा आधीच ठरवलेली असते. ती वाढवून बघा.

काही शहरांत मात्र एक सुंदर व्यवस्था असते. सगळ्या गाड्या ठरलेल्या मिनिटाला, समजा प्रत्येक तासाच्या ०० आणि ३० ला, मध्यवर्ती स्थानकात एकत्र जमतात, पाच-सात मिनिटं उभ्या राहतात आणि एकदम सुटतात. अर्ध्या तासाने धावणाऱ्या गाड्यांतही बदलायला पाच मिनिटं पुरतात. तुमच्या शहरात असं आहे का, हे ओळखायला कोणाला विचारायची गरज नाही. चार-पाच मार्गांच्या सुटण्याच्या वेळा शेजारी मांडा. सगळ्यांची मिनिटं सारखी निघाली तर आहे. तसं असेल तर स्थानकात उतरल्यावर फोन काढून उभे राहू नका, थेट दुसऱ्या फलाटाकडे चला. आपली गाडी उशिरा झाली आणि पुढची चुकेल असं वाटलं तर वाहकाला, वाहक नसेल तर चालकाला, गाडी उभी असताना सांगा. त्यांच्याकडे पुढच्या गाडीला निरोप द्यायची सोय असू शकते, आणि एकाच गाडीतले चार प्रवासी बदलणार आहेत हे कळलं तर एखादं मिनिट थांबवलंही जातं. हक्क म्हणून मागू नका, विनंती करून बघा.

अशी व्यवस्था नसेल तर बदलाचा नियम सोपा: दोन गाड्यांपैकी जिच्या फेऱ्या कमी, तिची वेळ आधी ठरवा आणि उलटं मोजत या. अर्ध्या तासाच्या गाडीतून दहा मिनिटांच्या गाडीत बदलणं निर्धास्त. उलट जाताना किमान एक फेरी हातात ठेवून निघा.

तिकीट आणि पास

कुठल्या दाराने चढायचं, तिकीट वाहक देतो की आधी काढायचं की यंत्राला कार्ड टेकवायचं, हे शहरागणिक बदलतं. पुढच्या माणसाचं बघून करा. जिथे भाडं अंतरावर असतं आणि कार्ड चढताना-उतरताना दोन्हीकडे टेकवायचं असतं, तिथे उतरताना विसरलात तर शेवटच्या थांब्यापर्यंतचं पूर्ण भाडं कापलं जाऊ शकतं. गाडी बदलायला परवानगी देणाऱ्या तिकिटाची मुदत असते, कुठे तासाची, कुठे दीड तासाची. ती पहिल्या चढण्यापासून मोजतात की उतरण्यापासून, आणि मुदतीच्या आत दुसऱ्या गाडीत नुसतं चढायचं की पोचायचं, हे एकदा विचारून घ्या.

पास घ्यायचा का? पासाच्या किमतीला एका तिकिटाच्या किमतीने भागा. उत्तर समजा ३६ आलं. जाऊन-येऊन रोज दोन तिकिटं, म्हणजे महिन्यात १८ दिवस प्रवास झाला की पैसे वसूल. महिन्याला १५ दिवसच कामावर जात असाल तर सुटी तिकिटं बरी. पण रोज गाडी बदलावी लागत असेल आणि बदलाचं वेगळं तिकीट पडत असेल, तर दिवसाला चार तिकिटं होतात आणि नवव्या दिवशीच पास वसूल होतो. पहिल्या महिन्यात मात्र पास घेऊ नका. मार्ग पक्का झालेला नसतो, आणि एका विशिष्ट मार्गाचा पास घेऊन आठवड्याने दुसरा मार्ग बरा वाटायला लागला की हळहळ होते. विद्यार्थी, ज्येष्ठ, अपंग यांना सवलत बहुतेक ठिकाणी असते, पण ती कागदपत्रांवर आणि ठरावीक कार्यालयातच मिळते, गाडीत नाही.

गाडीत

मधल्या भागात, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या दरम्यान बसलात तर धक्के कमी बसतात. मागच्या चाकांच्या पलीकडची जागा प्रत्येक खड्ड्याला उडते. सकाळी उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीत ऊन उजव्या खिडक्यांत येतं, संध्याकाळी डाव्या. लहान गोष्ट आहे, पण उन्हाळ्यात चाळीस मिनिटं भाजून निघाल्यावर पटते.

पुढच्या काही जागा ज्येष्ठ, गरोदर आणि अपंग प्रवाशांसाठी असतात, आणि खाली मोकळी सोडलेली जागा चाकाच्या खुर्चीसाठी. बॅग ठेवायची ती जागा नव्हे. लो-फ्लोअर, म्हणजे जमिनीलगत तळ असलेल्या बसमध्ये चढायला त्रास होत असेल तर चालकाला सांगा. बऱ्याच गाड्यांना फुटपाथाच्या बाजूला थोडं झुकवायची किंवा रॅम्प बाहेर काढायची सोय असते, पण सांगितल्याशिवाय कोणी ती वापरत नाही.

उतरल्यावर गाडीच्या पुढून रस्ता ओलांडू नका. चालकाला तुम्ही दिसत नाही आणि गाडीला वळसा घालून पुढे येणाऱ्याला तर अजिबातच नाही. गाडी निघून जाऊ द्या. थांब्यावर अगदी कडेलाही उभे राहू नका. वळताना बसचा मागचा भाग बाहेर झोकतो.

शेवटची गाडी

हे प्रकरण मी एका रात्री पाच किलोमीटर चालून शिकलो. वेळापत्रकात शेवटची गाडी १०:२० ची होती, ती मी घरी परतण्याची समजलो. ती उलट्या दिशेची होती. माझ्या दिशेची शेवटची ९:३५ ला गेली होती. शेवटच्या गाड्या बहुधा आगाराकडे जायच्या असतात, त्यामुळे दोन दिशांच्या वेळांत चांगला तासाभराचा फरक पडू शकतो.

तेव्हा आपल्या मुख्य मार्गाची, आपल्या दिशेची, कामाच्या दिवसाची आणि रविवारची, अशा शेवटच्या वेळा पाठ करा. रविवारची वेळ पुष्कळ आधीची निघेल. आणि बेत आखायचा तो शेवटच्या गाडीवर आखू नका, शेवटून दुसऱ्या गाडीवर आखा. दुसरी चुकली तर शेवटची आहे, शेवटची चुकली तर काही नाही. काही शहरांत रात्री ठरावीक वेळेनंतर दोन थांब्यांच्या मध्येही उतरू देतात. एकट्याने प्रवास करत असाल तर ही सोय आहे का ते आधी विचारून ठेवा.

गाडीत राहिलेली वस्तू, तक्रार, आणि बदललेलं वेळापत्रक

तिकीट उतरेपर्यंतच नव्हे, घरी पोचेपर्यंत जपा. त्यावर गाडीचा किंवा फेरीचा क्रमांक आणि वेळ असते. छत्री गाडीत राहिली तर ‘संध्याकाळच्या बसमध्ये’ एवढ्यावर आगारातला माणूस काही शोधू शकत नाही, फेरीचा क्रमांक दिलात तर त्या वाहकापर्यंत थेट पोचतो. फोन त्याच रात्री करा. दुसऱ्या सकाळी गाडी वेगळ्या मार्गावर, वेगळ्या माणसाच्या हातात असते.

तक्रारीचंही तसंच. ‘तुमच्या बस कधीच वेळेवर नसतात’ ही तक्रार कुठेच जात नाही. मार्ग, दिशा, थांबा, तारीख, वेळापत्रकातली वेळ, गाडी प्रत्यक्ष आली ती वेळ, आणि दिसला असेल तर गाडीचा क्रमांक, एवढं चार ओळींत लिहा. एकाच फेरीबद्दल लागोपाठ तीन आठवडे अशी नोंद गेली तर त्या फेरीची वेळच चुकीची ठरवली आहे हे दिसायला लागतं. एका शहरात आमच्या थांब्यावरच्या चौघांनी असं लिहिलं. सकाळची एक फेरी सहा मिनिटं अलीकडे आली.

वेळापत्रकं वर्षातून एक-दोनदा बदलतात, बहुधा शाळा सुरू होताना आणि सुट्टी लागताना. सूचना थांब्याच्या खांबावर चिकटवलेली असते, ॲपमध्ये कधी आठवड्याने येते. मोर्चा, मिरवणूक किंवा रस्त्याचं काम असलं की मार्ग वळवतात आणि तुमचा थांबा त्या दिवसापुरता रद्द होतो. त्याची चिठ्ठीही खांबावरच असते, पावसाने अर्धी पुसलेली. खांबावरच्या वेळापत्रकाचा फोटो फोनमध्ये ठेवा, आणि कागद नवा, पांढराशुभ्र दिसला त्या दिवशी पुन्हा काढा.